मोडलेल्या सुईचा नियम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लॉस एंजेलिसच्या एका शिलाई कारखान्यातून रोझा नावाच्या बाईला काढून टाकलं, ते माझ्यामुळे.

मुंबई सोडली तेव्हा विमानतळावर आई म्हणाली होती, "शिवणाच्या धंद्यात चाललायस. तिथल्या बायकांना घाई करू नकोस." डोंबिवलीच्या घरात ती साड्यांना फॉल लावायची, साडीमागे पैसे. शाळेतून येऊन मी बडबड सुरू केली की म्हणायची, "गप रे जरा, हात थांबतात." नगावर मजुरी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

तोक्योत मी राहतो त्या निशी-कसाई भागातले आपले लोक म्हणतात, "तुझं बरंय बुवा, जपानी पगार आणि अमेरिकेच्या फेऱ्या!" फेऱ्या कसल्या? आमची ट्रेडिंग कंपनी अमेरिकेत शिवलेल्या जीन्स तोक्योत विकते. त्या लेबलासाठी इथले शौकीन वाट्टेल ती किंमत मोजतात. शिवतात कुठे, तर खिडक्या बंद केलेल्या गोदामात, जिथे एकच पंखा आणि तोही मुकादमाच्या टेबलावर. किमान वेतनाचा कागद भिंतीवर डकवलेला. बायकांना पैसे नगामागे, हातात पडायचे त्याहून कितीतरी कमी.

जपानी गिऱ्हाईकाला कपड्यात सुईचा कणही चालत नाही. म्हणून मी नियम लिहिला: सुई मोडली की मशीन बंद, सगळे तुकडे जुळवून दाखवायचे, मगच नवी सुई. शोधण्यात जाणाऱ्या वेळेचे पैसे कोण देणार, असं मुकादमाने विचारलं होतं. मी म्हणालो, "ते तुमचं तुम्ही बघा." त्याने बघितलं. एक पैसा दिला नाही.

मग बायका घरूनच सुया आणायला लागल्या. मोडली की गुपचूप बदलायची. मी दिसलो की स्पॅनिशमध्ये एकमेकींना सांगायच्या, "आला गं सुईसाहेब, खिसे झाका!" आणि हसायच्या. अर्थ मला मुकादमाने सांगितला.

एकदा रोझाच्या बोटाला रक्ताळलेली चिकटपट्टी दिसली. मी विचारलं. तिने लपवलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "टोक इथे आहे, बोटात. तुमच्या पँटमध्ये नाही, घाबरू नका. घरी जाऊन काढते. मुकादमाला नका सांगू, एवढा गठ्ठा पुरा करू द्या."

मी सांगितलं. हिला दवाखान्यात न्या, असं नाही. हिने सुई लपवली, असं.

मुकादमाने तिला तिथेच उठवलं. जाताना तिने ते बोट माझ्या तोंडासमोर धरलं. "घ्या, जुळवा तुमचे तुकडे."

तोक्योत आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, खूष झाले. "अगदी जपानी माणसासारखं काम केलंत." मी वाकून आभार मानले. त्या वाकण्याची मला अजून शिसारी येते. तुम्ही म्हणाल, हरामखोर तो मुकादम. होताच. पण नियम त्याने लिहिला नव्हता. आणि त्याची आई साड्यांना फॉल लावत होती की नाही, मला माहीत नाही. माझी लावत होती.

आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "तिथल्या बायका बऱ्या आहेत ना रे?" मी म्हणतो, "मजेत." बायको शेजारी बसून ऐकते. डोंबिवलीचं घर आणि इथलं घर, दोन्हीकडे मी हेच सांगत आलोय. त्यामुळे घराची आठवण येते का, असं कुणी विचारलं की मला रागच येतो. कुठल्या तोंडाने येणार?

तो नियम अजून माझ्याच शब्दांत चालू आहे. सुई शोधायच्या वेळेचे पैसे आपण द्यायला हवेत, हे बुचोंना सांगणं बाकी आहे. रोझाने काही लपवलं नव्हतं, खोटं मी बोललो, हे सांगणंही बाकी आहे.