बाहेरून पाहिलेलं नांदेड

चाकूरच्या स्टँडवर एसटीत जागा धरायची तर खिडकीतून रुमाल टाकावा लागतो. मी टाकला. तो सीटवर न पडता एका आजींच्या मांडीवर पडला, आणि आजींनी त्याने शांतपणे घाम पुसला. त्यामुळे आमची नांदेडची सहल उभ्यानेच सुरू झाली. माझी बायको मंगल आणि नुकतीच दहावी झालेली आमची स्वाती यांना ड्रायव्हरजवळच्या गरम पेटीवर जागा मिळाली. मी अहमदपूरपर्यंत एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने जेवणाची पिशवी धरून लोंबकळत होतो.

सहल हा बहाणा होता. स्वातीला डॉक्टर व्हायचं होतं आणि तिला नांदेडच्या क्लासला घालायचं माझ्या मनात होतं. खरं तर लातूर जवळ, पण लातूरचं नाव काढलं की मंगल ताटावरून उठायची. तिचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपात तिथलं माळवद (तुळयांवर माती घालून केलेलं सपाट छत) कोसळलं आणि तिची धाकटी बहीण त्याखाली गेली. तेव्हापासून मंगल दगडाच्या किंवा स्लॅबच्या छताखाली पाऊल टाकत नाही. घरात अंगणातली पत्र्याची खोली हेच तिचं राज्य. अशा बाईने पोरीला तिसऱ्या मजल्यावरच्या हॉस्टेलात कसं ठेवावं?

मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर आपल्याकडे उपाय आहे असा माझा समज असतो. इथे उपाय असा काढला होता की हिला शेकडो वर्षं उभ्या असलेल्या इमारती दाखवायच्या, म्हणजे इमारती उभ्याही राहतात हे तिला पटेल, आणि संध्याकाळी हळूच हॉस्टेल दाखवायचं.

लोह्याला उतरून जीपने कंधारला गेलो. कंधारचा किल्ला पाहण्यासारखा आहे. भोवती पाण्याने भरलेला खंदक, काळ्या दगडाची दुहेरी तटबंदी, आणि एकामागून एक दरवाजे. पहिल्याच दरवाज्याच्या कमानीपाशी मंगल थांबली.

"बघ," मी म्हणालो, "किती राजवटी आल्या नि गेल्या. हा आहे तसाच उभा आहे."

तिने मान वर करून कमान पाहिली. "उभा हाय म्हणून काय झालं? आमचं घर बी उभंच होतं, पडंपर्यंत."

 मी आणि स्वाती आत जाऊन आलो, ती खंदकाच्या काठावर बसून शेंगदाणे खात राहिली. येताना शेवाळावरून माझा पाय घसरला आणि पँटवर हिरवा पट्टा उमटला. पुढचं सगळं नांदेड मी तो पट्टा मिरवत पाहिलं.

नांदेडला गुरुद्वाऱ्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पांढरा संगमरवर आणि सोनेरी कळस यांच्याकडे डोळे बारीक करूनच बघावं लागत होतं. मी डोक्याला रुमाल बांधला (आजींनी तो परत केला होता) आणि लंगरात (सगळ्यांसाठी चालणारं जेवण) पंगतीला बसलो. मंगल अर्थातच बाहेर पटांगणात. मी दुसऱ्यांदा डाळ घेत होतो, तेवढ्यात वाढणाऱ्या सरदारजींनी विचारलं, "अकेले आए हो?"

"नाही, मिसेस बाहेर आहेत. त्यांना छताची भीती वाटते."

 सरदारजी ताट वाढून घेऊन स्वतः पटांगणात गेले. मी खिडकीतून पाहिलं तर मंगल उन्हात बसून दोन्ही हातांत रोटी घेऊन जेवत होती आणि हसून त्यांना काहीतरी सांगत होती. मला एकाएकी जेवण जाईना. आपण बायकोला बाहेर ठेवून दुसऱ्यांदा डाळ मागितली याचं वाईट वाटलं. तरी डाळ संपवलीच.

गोदावरीच्या काठचा किल्लाही आम्ही तसाच पाहिला, म्हणजे मी आतून आणि तिने बाहेरून. घाटावर मात्र ती खूश होती, कारण नदीला छत नसतं.

मग रिक्षा केली. क्लासवाल्यांच्या भागात शिरलो तशा भिंतींवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे मोठमोठे फोटो दिसू लागले. खाली खानावळी, झेरॉक्स, अभ्यासिका. हे नवं तीर्थक्षेत्रच होतं. मी मंगलला म्हणालो, "शहर बघ कसं आहे. इकडे भूकंपाबिंपाचं काही नाही."

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "कौन बोला साब? जमीन के अंदर से आवाज आरा ना आजकाल. गुडगुड करके. हमारे गल्ली में लोगां बाहर सोरे."

जमिनीतून आवाज येतात म्हणून नांदेडकर अंगणात झोपतात, ही बातमी इकडच्या सगळ्यांना असावी. नव्हती फक्त भूगोलाच्या मास्तरला.

मंगल चिडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "हॉस्टेल बघायचं हाय न्हवं? स्वातीनं कालच सांगितलं मला. लपवून काय करून राहिलेत तुम्ही?"

हॉस्टेलच्या फाटकाशी ती थांबली. मी, स्वाती आणि रेक्टरबाई तिसऱ्या मजल्यावर गेलो. खोली स्वच्छ होती. चार खाटा, टेबलं, खिडकीतून येणारा वारा. बाई पाण्याच्या सोयीबद्दल सांगत होत्या, आणि अचानक पायाखालून गुर्रर्र असा आवाज आला. खिडकीची काच थरथरली.

भूकंप झाला तर धावायचं नाही, टेबलाखाली बसायचं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो, मुलांकडून करूनही घेतो. मी धावलो. "भूकंप! भूकंप!" असं ओरडत, चपला टाकून, जिन्याचे कठडे धरत धावलो. मध्येच कोणीतरी मला भिंतीकडे ढकलून वर गेलं. फाटकाबाहेर पोचल्यावर कळलं की तिथे मंगल नव्हती. आणि मग कळलं की माझ्याबरोबर स्वातीही नव्हती.

त्या क्षणी मला जी लाज वाटली ती सांगण्यासारखी नाही. गॅलऱ्यांमधून मुली हसत होत्या. मी अनवाणी पुन्हा वर गेलो.

स्वाती टेबलाखालून कपडे झटकत बाहेर येत होती. मंगल खाटेवर बसली होती. तिला धाप लागली होती, चेहरा पांढरा पडला होता आणि स्वातीचं मनगट तिने इतकं घट्ट धरलं होतं की पोरगी कळवळत होती.

"काही नाही हो सर," रेक्टरबाई म्हणाल्या, "बोअरची मोटार चालू केली खाली."

मंगलने वर स्लॅबकडे पाहिलं.  मला वाटलं आता उठेल आणि पोरीला ओढत नेईल. तिने पदराने तोंड पुसलं आणि बाईंना विचारलं, "दाराजवळची खाट मिळल का हिला?"

परतीच्या गाडीत आम्हाला तिघांनाही जागा मिळाली. स्वाती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. बाहेर लोह्याकडची काळी रानं मागे पडत होती. इतकी वर्षं मी घरात पत्र्याच्या खोलीत झोपतो तो मंगलच्या सोबतीसाठी, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. आजपर्यंत मलाही ते खरंच वाटत होतं.

"चला, भीती गेली म्हणायची तुझी," मी म्हणालो.

"कुठली जातीया? हाय तिथंच हाय."

"मग हो कशी म्हणालीस?"

तिने झोपलेल्या स्वातीच्या केसांवरून हात फिरवला. ती रडत होती आणि तिला हसूही येत होतं.

"मी कुठवर धावणार हिच्या मागं? आन् तुमचं बघितलंच की आज. पोर तेवढी जागची हलली न्हाई. तिची ती राहील."

मी होकारार्थी मान हलवली. माझ्या मुलीबद्दल त्या दिवशी मला एकच नक्की माहीत होतं, ती माझ्यासारखी धावत सुटणार नाही.