बागूल सरांचा ‘क्नाइफ’

माफ करा, काही लिहावं एवढा मी कुणी नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण ही गोष्ट आजवर कुणालाच सांगितलेली नाही — आईलासुद्धा नाही.

सटाण्याजवळच्या आमच्या शाळेत बागूल सर इंग्रजी शिकवायचे. ते धडा मोठ्यानं वाचायचे, मागून आम्ही सगळे एका सुरात. ‘क्नाइफ’. ‘वॉल्क’. एकही अक्षर गाळायचं नाही. "अक्षर शे ना, मंग बोल!" म्हणायचे. म्हणून तर आमची स्पेलिंगं कधी चुकली नाहीत.

नाशिकला आलो, वर्गात उभा राहून ‘वॉल्क’ म्हणालो, आणि हशा पिकला. मग मी काय केलं? — सांगायला जड जातंय — हॉस्टेलवर मी सरांची नक्कल करू लागलो. तोच हेल, तसंच टेबलावर डस्टर आपटणं. पोरं म्हणायची, "ओ बागूल सर, होऊन जाऊ द्या एक धडा!" आता निदान माझ्यावर तरी कुणी हसत नव्हतं. एकानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. फिरत फिरत ते गावात पोचलं.

सरांचा फोन आला. "भाऊ, तो आवाज तुना शे का?" रागावलेले वाटले नाहीत. मी शुद्ध मराठीत म्हणालो, "नाही सर, माझा नाही." — शुद्ध मराठीत का? घरच्या बोलीत जमलं नसतं म्हणून?

यंदा कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमनी शिकवलं, की काही शतकांपूर्वी खुद्द इंग्रज लोक ‘नाइफ’च्या आधीचा क उच्चारायचे, ‘वॉक’मधला लसुद्धा. बोलणं बदलत गेलं, लिहिणं तिथंच राहिलं. माझा पेन थांबला. म्हणजे सर चुकत होते, की फक्त उशिरा जन्मले होते? आणि समजा, साफ चुकत असते — तर माझं खोटं लहान झालं असतं का? मला अजून कळत नाही. सरांना फोन करून हे सांगावं असं फार वाटलं. नंबर काढला. लावला नाही.

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. ती त्याच शाळेत आठवीला आहे. बोलता बोलता तिनं सहज सांगितलं — सर आता धडा स्वतः वाचत नाहीत. मोबाइलवर कुणा बाईचा आवाज लावतात, मुलं तिच्या मागून म्हणतात, आणि सर खिडकीपाशी उभे असतात.