तीन नंबरच्या काउंटरवरच्या वहिनी

वैभवीवहिनींनी सतरा वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि मग वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या दुकानात बिलं करायला बसल्या. हे मी आमच्या नातेवाइकांत सांगतो तेव्हा काही जण ‘अरेरे’ म्हणतात. त्यांना वहिनी ठाऊक नाहीत.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, अनीशदादाची बायको. दादा धारला वीज कंपनीत आहे. वहिनींची शाळा कोरोनात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. लेक शिकायला इंदूरला गेलेली. दिवसा घरात त्या आणि त्यांचे सासरे, म्हणजे माझे काका नारायणराव, वय वर्षं ब्याऐंशी. दुपारभर काका झोपणार आणि वहिनी पंख्याकडे बघणार. धारमधल्या घोडा चौपाटीजवळ ‘मालवश्री’ नावाचं मोठं दुकान उघडलं, खाली किराणा आणि वर कपडे, तेव्हा दारावरची ‘बिलं करायला माणसं हवीत’ ही पाटी वाचून त्या सरळ आत गेल्या आणि नाव देऊन आल्या. दादाला संध्याकाळी कळलं. तो म्हणाला, “अगं, लोग क्या कहेंगे?” काका आतून म्हणाले, “काय म्हणावयाचे? सूनबाईंस हिशेब येतो म्हणतील.”

त्यांना तीन नंबरचं काउंटर मिळालं. सुरुवातीचे आठ दिवस त्या मशीनला इतक्या घाबरत, की ग्राहकाला आधी नमस्कार करून घेत, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. शेजारच्या दोन नंबरवर अंकित नावाचा चलाख मुलगा होता. तो म्हणायचा, “दीदी, चूक झाली तर मशीन चावत नाही.” महिन्याभरात त्यांचा हात बसला.

मग दिवाळी आली आणि तिच्याबरोबर कार्डं आली. तीन हजारांची खरेदी केली की तीनशे रुपयांचं गिफ्ट कार्ड फुकट. पण ते त्याच दिवशी चालणार नाही. डिसेंबरच्या एक ते पंधरा तारखेतच चालणार, तेही बाराशेच्या वरच्या बिलावर, आणि तेल, साखर, आटा सोडून. हे सगळं कार्डामागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं. काउंटरवर काम एवढंच, की बिल झालं की कार्ड मशीनपुढे धरायचं, ‘टीं’ असा आवाज आला की ते चालू झालं, मग ग्राहकाच्या पिशवीत टाकायचं. टीं झालं नाही तर ते कार्ड म्हणजे नुसता रंगीत कागद.

धनतेरसला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनींनी त्या एका दिवसात किती कार्डं दिली ते त्यांनाही आठवत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक वयस्कर बाई त्यांच्यापुढे आल्या. नर्मदाबाई पाटीदार, निसरपूरच्या. मुलीकडे धारला आल्या असताना दिवाळीची खरेदी केली होती. आता तीन तास बसमध्ये बसून मुद्दाम परत आल्या होत्या. नातवासाठी निळा स्वेटर, स्वतःसाठी शाल, जावयासाठी मफलर. कार्ड त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं, सोबत जुनं बिलही. वहिनींनी कार्ड मशीनपुढे धरलं. पडद्यावर आलं, कार्ड बंद. पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

वहिनींनी जुनं बिल उलगडलं. वर छापलं होतं, काउंटर तीन, आणि खाली त्यांचंच नाव. त्या गर्दीत टीं करायचं राहून गेलं होतं.

मॅनेजर विक्रमसिंह आले. माणूस वाईट नाही, पण नियमाला पक्का. म्हणाले, “मॅडम, जे कार्ड चालू झालंच नाही ते कंपनीच्या लेखी दिलंच नाही. मैं क्या करूँ?” वहिनी स्वतःच्या पर्समधून पैसे काढायला लागल्या, तर त्यांनी तेही थांबवलं. काउंटरवरच्या माणसाने ग्राहकाचे पैसे भरायचे नाहीत, हाही नियमच.

वहिनी नर्मदाबाईंना म्हणाल्या, “माताजी, ये कार्ड बंद है.” एवढंच म्हणाल्या.

नर्मदाबाई भांडल्या नाहीत. शाल आणि मफलर ठेवून दिला. स्वेटरची किंमत पुन्हा एकदा पाहिली, मग तोही नीट घडी करून, बाह्या आत दुमडून काउंटरवर ठेवला. “कोई बात नी, बेटा,” म्हणाल्या आणि गेल्या.

रात्रीच्या जेवणाला वहिनींनी अर्धी पोळी खाऊन ताट बाजूला सारलं. दादाने विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. दादा म्हणाला, “होतं गं असं. चलता है. एवढ्या गर्दीत कुणाचंही होईल.”

काका ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, “सूनबाई, कार्ड चुकले ही एक चूक. ती क्षम्य आहे. परंतु आपली चूक आहे, हे त्या बाईंस सांगितले नाही, ही दुसरी. तिचे काय?”

दादाला ते कठोर वाटलं. वहिनी मला नंतर म्हणाल्या, “मला मात्र बरं वाटलं. नेमकं काय टोचत होतं ते कुणीतरी बोट ठेवून सांगितलं.”

जुन्या बिलावर नर्मदाबाईंचा फोन नंबर होता. तो वहिनींनी उतरून घेतला होता, का ते त्यांनाही तेव्हा कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या आटपल्यावर त्यांनी फोन लावला. आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाल्या, “माताजी, कार्ड खराब नहीं था. गलती मेरी थी. मैं चालू करना भूल गई थी. कल आपके सामने बोल नहीं पाई.”

पलीकडे नर्मदाबाई मोठ्याने हसल्या. “अरे बेटा, इत्ती-सी बात! स्वेटर तो मैंने कुक्षी में उतर के ले लिया. उधर सस्ता भी मिला.” मग त्यांनी वहिनींना मुलं किती, सासू आहे का, घर आपलं की भाड्याचं, सगळं विचारलं. वीस मिनिटं बोलणं झालं. आमच्या घराण्याची बरीच माहिती आता निसरपुरात आहे.

पण वहिनींच्या डोक्यातून ती गोष्ट गेली नाही. त्यांनी उरलेल्या दिवसांत नीट लक्ष ठेवलं. तारीख उलटून गेल्यावर येणारे, कार्डावर तेलाचा डबा मागणारे, हजाराचं बिल घेऊन हुज्जत घालणारे. दिवसाला पाच-सहा भांडणं. अंकित म्हणायचा, “लोक वाचतच नाहीत, दीदी.” वहिनी म्हणाल्या, “वाचता येईल असं लिहिलंय कुठे?”

पुढच्या दिवाळीला त्यांनी आपली पद्धत बदलली. बिल झालं की कार्ड ग्राहकाच्या समोर धरायच्या. “आवाज ऐका हं. टीं. झालं चालू.” मग तीन गोष्टी सांगायच्या. कधीपासून कधीपर्यंत, केवढ्या बिलावर आणि कशावर नाही. समोरचा असेल तशी भाषा. हिंदी, मराठी, खेड्यातून आलेल्यांशी माळवी. “भिया, पंधरा तारीक का बाद यो कागद है, समज्या?” आणि शेवटी शाळेतली सवय, “आता तुम्ही मला सांगा बरं.” मोठमोठे मिशीवाले पुरुष त्यांच्यापुढे उभे राहून तीन गोष्टी म्हणून दाखवायचे. एकाने तर हात मागे बांधले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

रांग अर्थातच लांबली. विक्रमसिंह दोन दिवस पाहत राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मॅडम, ही पाठशाला नाही. अंकितची चाळीस बिलं होतात तेव्हा तुमची सव्वीस.”

वहिनी म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. मग मी लिहून देते. बोलणं वाचेल.”

त्यांनी घरी येऊन काकांना चिठ्ठीचा मजकूर लिहायला सांगितला, कारण काकांचं अक्षर छापल्यासारखं आहे. काका तासभर बसले. पहिल्या मसुद्यात ‘उपर्युक्त कालावधी व्यतीत झाल्यानंतर सदरहू पत्र निरर्थक समजावे’ असं वाक्य होतं. वहिनी म्हणाल्या, “बाबा, हे वाचेपर्यंतच कालावधी संपेल.” काका रुसले, मग हसले. अखेर हिंदीत चार ओळी ठरल्या, मोठ्या अक्षरात. तारीख सगळ्यात वर. कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणल्या आणि प्रत्येक कार्डाला पिनेने एकेक लावली. आता ग्राहकाला सांगायला अर्धं मिनिटही लागत नव्हतं. टीं मात्र त्या प्रत्येकाला ऐकवत होत्या.

डिसेंबर आला. तीन नंबरवरून कार्ड घेऊन गेलेले लोक वेळेत, नेमक्या वस्तू घेऊन येऊ लागले. कित्येकांच्या हातात ती चिठ्ठी. इतर काउंटरांवर नेहमीची भांडणं. एके दिवशी अंकितसमोर एक गृहस्थ टेबल बडवत असताना इंदूरच्या ऑफिसातले साहेब पाहणीला आले होते. त्यांनी विक्रमसिंहांना विचारलं, “तीन नंबरवर शांतता कशी?”

इथे विक्रमसिंहांचं मोठेपण सांगायला हवं. ते सहज म्हणू शकले असते, की आम्हीच सांगितलं तसं करायला. ते म्हणाले, “साहब, मैंने तो मना किया था. मॅडमने ऐकलं नाही.”

त्यानंतर महिन्याभराने वहिनींना देवासच्या नव्या दुकानात दोन दिवस पाठवलं, तिथल्या नव्या मुलामुलींना शिकवायला. जाताना त्या फार घाबरल्या होत्या. बसमधून मला फोन करून म्हणाल्या, “भावजी, मला मुलांना शिकवता येतं. मोठ्यांना नाही येत.”

पण तिथे बसलेली सगळी वीस-बावीस वर्षांचीच होती. एक शिवांगी जाधव म्हणून मुलगी होती, घरी मराठी बोलणारी. ती म्हणाली, “मॅडम, मला मराठी बोलता येतं, पर पढना नहीं आता. आणि कस्टमर ओरडला की मला रडू येतं.” वहिनींनी तिला काउंटरवर बसवलं आणि स्वतः ग्राहक झाल्या. पदर कमरेला खोचून, तारीख उलटलेलं कार्ड आपटत, माळवीत असा काही तमाशा केला, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. शिवांगी आधी घाबरली, मग हसायला लागली आणि हसत हसतच तिने तीनही गोष्टी बिनचूक सांगितल्या. दुसऱ्या दिवशी मग तिला खऱ्या ग्राहकासमोर बसवलं. रडू आलं नाही. निघताना मुलांनी वहिनींना तिथल्याच दुकानातून एक स्टीलचा डबा भेट दिला. त्यात त्या आता दुपारची पोळी-भाजी नेतात.

यंदा कंपनीने कार्डामागची अक्षरं मोठी केली, हिंदीत, तारीख वर. चिठ्ठीची गरज उरली नाही. काकांना थोडं वाईट वाटलं. वाक्यरचना ढिसाळ आहे असं त्यांचं मत पडलं.

वहिनींना सुपरवायझर करायचंही निघालं होतं. रात्री नऊपर्यंत थांबावं लागलं असतं. त्यांनी नको म्हटलं. वर्षातून दोनदा देवासला जाऊन शिकवीन, बाकी मला माझं काउंटर बरं, असं सांगितलं. दादा म्हणाला, “पगार वाढला असता ना.” वहिनी म्हणाल्या, “दिवसभर दोनशे माणसं माझ्याशी बोलतात, आणि सात वाजता मी घरी असते. आणखी काय हवं?”

परवा मी काकांना भेटायला गेलो होतो. सात वाजून गेले तरी वहिनी आल्या नव्हत्या. काका दोनदा दारापर्यंत जाऊन आले. साडेसातला स्कूटी वाजली. वहिनी आत आल्या, पर्स खुंटीला अडकवली आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “आज काय गंमत झाली, ऐका.” काकांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि खुर्ची पुढे ओढली.