धाकट्या भावाचा रंगीत फोटो

रविवारची पुरवणी उघडली आणि ताईचं डोकंच फिरलं. पानभर रंगीत फोटो तिच्या धाकट्या भावाचा. काळा कोट, काळा चष्मा, ओठांत सिगार आणि समोर बॅकगॅमन या फासे-सोंगट्यांच्या विलायती खेळाचा पट. वर ठळक अक्षरांत 'फाशांचा बादशहा'. शेजारी कुणी विडी शिलगावली तरी ज्याला धाप लागते, त्या जन्माच्या दमेकऱ्याच्या तोंडात सिगार!

आतला मजकूर त्याहून वरताण. म्हणे हा खेळ तो धुरकट अड्ड्यांत, बदमाशांच्या संगतीत शिकला.

तो शिकला होता ताईकडे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. अकरा वर्षांचा असताना पाय मोडून तीन महिने अडकून पडला होता. ताईनं पुठ्ठ्यावर चोवीस घरं आखली आणि सोंगट्या म्हणून आईच्या डब्यातली बटणं घेतली. पुढे तो स्पर्धा जिंकत गेला. ताई दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देऊ लागली, पण तिचा खेळ सुटला नाही. दहा वर्षं दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत तिची अकरा माणसं जमायची. निवृत्त बसड्रायव्हर, दोन नर्सा, एक शिंपी, एक गणिताच्या बाई, असे सगळे. पैज कधी चहाचीसुद्धा नाही.

मंगळवारी ग्रंथपालांनी तिला बोलावलं. नजर टेबलावरच्या शिक्क्यावर ठेवून म्हणाले, "ताई, समितीचं म्हणणं आहे, वाचनालयात जुगार नको."

"जुगार? तुम्ही स्वतः येऊन बसता की आमच्यात!"

"मला माहीत आहे हो. पण पेपर सगळ्यांनी वाचला ना."

"आणि शेजारच्या खोलीतले बुद्धिबळवाले?"

"त्यांचं वेगळं. ते डोक्याचं काम."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. लेख लिहिणारी मुलगी आदबीनं बोलली, खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून म्हणाली, "काकू, स्वयंपाकघरात बटणांनी शिकलेला दमेकरी, हे वाचणार कोण?"

"माझी अकरा माणसं वाचतील. तुझ्यामुळे त्यांची खोली चाललीय!"

चार दिवसांनी नवव्या पानाच्या तळाशी खुलासा आला, 'सदर छायाचित्रातील सिगार पेटवलेली नव्हती.' बस, एवढाच.

भाऊ भेटायला आला तेव्हा ताईनं त्याला बसही म्हटलं नाही.

"तू सांगितलंस त्यांना अड्ड्याचं?"

"त्यांनीच विचारलं. मी नाही म्हटलं नाही," तो म्हणाला. "ताई, तीनदा अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा दोन ओळी छापून आल्या नाहीत. सिगार धरली आणि पानभर आलो. खेळाचंही नाव झालं की."

"नाव तुझं झालं. खेळाचं गेलं."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ती आणखी भडकली. "गुरुवारी समितीची बैठक आहे, तिथे चल. खरं काय ते तुझ्या तोंडानं सांग." तो हो म्हणाला. गुरुवारी सकाळी मात्र त्याचा निरोप आला. टीव्हीवाल्यांनी बोलावलंय, जमणार नाही.

ताई एकटीच गेली. पट उघडून समितीच्या अध्यक्षांपुढे ठेवला. अध्यक्ष निवृत्त इंजिनियर.

"माझी ही सोंगटी एकटी आहे, तुमची सहा घरं मागे. दोन फासे छत्तीस प्रकारे पडतात. त्यांतल्या किती प्रकारांत तुम्ही मला माराल?"

अध्यक्षांनी बोटांवर मोजलं. "अकरा."

"सतरा. पाच-एक विसरलात, चार-दोन विसरलात, दोन-दोन आणि तीन-तीनही, जोडी पडली की चाल दुप्पट. आमचा शिंपी हे झोपेत सांगतो. आता सांगा, हे डोक्याचं काम नाही?"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष मात्र चिडले. "मुद्दा लोकांना काय वाटतं हा आहे," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. खोली काढून घ्यायचा ठराव मंजूर झाला.

आता शनिवारी तिच्या कवळ्यांच्या कारखान्यातच पट मांडतात, प्लॅस्टरच्या साच्यांच्या फळ्यांखाली. अकरांतले सातच येतात. शाळेनं कान टोचल्यापासून गणिताच्या बाई येत नाहीत. ड्रायव्हरची सून त्यांना म्हणाली होती, "बाबा, या वयात हे काय थेर?" पण ते आठवडाभर घरात धुसफुसले आणि शेवटी आलेच. भावाचे फोन येतात. ताई उचलत नाही.

परवा ड्रायव्हरच म्हणाले, "ताई, शेजारी विचारतात हो. दारावर पाटी लावू या का, इथे पैसे लावून खेळत नाहीत म्हणून?"

ताईनं पुठ्ठा घेतला आणि 'इथे' एवढं लिहिलं. मग हात थांबला. तिनं पुठ्ठ्याचे टराटरा दोन तुकडे केले.

"बुद्धिबळवाल्यांना लावावी लागते का अशी पाटी?" ती कडाडली. "नाही ना? मग आपण का लावायची? टाका फासे!"