पलंगापासून गॅलरीपर्यंतचं गाणं

काका बूटरॅकवर पडले ते पुतण्याच्या गाण्यामुळं. फरशी ओली नव्हती, चक्कर आली नव्हती, काठीही धड होती. गाणं थांबलं नाही म्हणून काका थांबले नाहीत, एवढंच. घर मात्र जिथं संपायचं तिथं संपलं.

काका म्हणजे शाळेतले कवायतीचे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात कुणी पाठीला बाक काढून बसलं की त्यांच्या घशातून अजून शिट्टी वाजल्यासारखा आवाज निघतो. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय हुकूम ऐकेनासा झाला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं, "यांना ठेक्यावर चालवून बघा. डोकं विसरलं तरी पाय ठेका विसरत नाहीत. फक्त ठेका सावकाश हवा."

आता सावकाश गाणं आणायचं कुठून? हल्लीची गाणी सगळी कुत्रं मागं लागल्यासारखी पळणारी. मग घरातल्या संगीतकाराकडं सगळ्यांच्या माना वळल्या.

संगीतकार म्हणजे हा पुतण्या. शिकायला म्हणून काकांकडं राहायला आला, तो नोकरी लागली, लग्न झालं, तरी हललाच नाही. दिवसा रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना शेड मिसळून द्यायची आणि संध्याकाळी कपाट आणि पलंग यांच्यामधल्या बोळात कॉम्प्युटरसमोर बसायचं. बोळात एक छोटा कीबोर्ड, त्याची एक पट्टी मुकी. आणि एक माइक, तो फरशी पुसायच्या काठीला बांधलेला. कपाटाचं दार उघडून कोटांमध्ये डोकं घातलं की रेकॉर्डिंगला आवाज घुमत नाही, हा त्याचा शोध. काकू म्हणायच्या, कोट घालायचे असतात, त्यात गायचं नसतं.

काका त्याला 'मुखड्या' म्हणत. कारण साधं होतं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये चारेकशे गाण्यांचे मुखडे होते आणि एकाही गाण्याला अंतरा नव्हता, शेवट तर दूरच. वीसेक सेकंदांचा तुकडा करायचा, तो गोल गोल फिरवत ठेवायचा, मान डोलवायची आणि दुसरा तुकडा घ्यायचा. एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि अलीकडं तर चिंध्याही निघेनात.

"आज काय केलंस?" बायको विचारायची.

"ढोलाचा आवाज निवडला."

"काल पण तोच निवडला होतास ना?"

"काल निवडला होता. आज काढला."

तर अशा ह्या मुखड्यानं आपल्या भांडारातून एक सावकाश तुकडा शोधला, फोनवर लावला, "काका, चला" म्हणाला आणि आपलं गाणं अखेर कुणाच्या तरी कामी आलं या आनंदात, त्याचं शूटिंग करायला बायकोचा फोन शोधत आत गेला. काका निघाले. पाय छान पडत होता. हॉल ओलांडला, गॅलरी आली. ठेका चालूच. जन्मभर पोरांना एकच शिकवलं होतं, ठेका चालू असताना थांबायचं नाही. काका वळले. पुन्हा हॉल, बाहेरचं दार. ठेका चालूच. पुन्हा वळायला गेले आणि डाव्या पायानं हात वर केले.

"अहो, थांबायचं ना!" काकू चपलांच्या ढिगातून त्यांना उचलत ओरडल्या.

"ठेका चालू होता," काका म्हणाले.

कोपर खरचटलं आणि रॅकची मधली फळी मोडली. मुखड्यानं तिथल्या तिथं शब्द दिला की फळी मी बसवून देतो. पण मोडलं होतं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी काकांनी उठायला नकार दिला. तिसऱ्या दिवशीही. भांडं पलंगाशी मागवलं. ज्या माणसानं तापातसुद्धा अंथरुणात चहा घेतला नव्हता, तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

बाई आल्या, पाय वाकवून बघितला आणि स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "हे असंच चाललं तर पाय आखडेल. एकदा आखडला की मी रोज येऊन काही उपयोग नाही. महिन्याभरात उभे राहायला हवेत."

मुखड्या पाणी पीत होता. त्यानं अर्धा पेला तसाच ठेवला.

तो काकांच्या पलंगाशी जाऊन बसला. "काका, चुकलं माझं. पुन्हा प्रयत्न करू. या वेळी मी जवळून हलणार नाही, गॅलरीतली खुर्ची आली की बंद करीन."

काका भिंतीकडं बघतच बोलले. झटक्यापासून शब्द थोडे ओढत यायचे, पण धार तीच होती. "कर."

दोघं निघाले. खुर्चीशी पोचल्यावर मुखड्यानं बटण दाबलं. काकांचं पाऊल तेव्हा हवेत होतं, ते हवेतच राहिलं आणि काका सगळ्या वजनानिशी मुखड्याच्या गळ्यात. दुसऱ्या खेपेला त्यानं आवाज हळूहळू लहान केला. काका हॉलच्या मधोमध कान पुढं काढून उभे. "चालू आहे का संपलं? ऐकू येत नाही."

पलंगावर परत टेकल्यावर ते म्हणाले, "ज्याला शेवट आहे असं गाणं आण. खुर्ची आली की आपलं आपण संपणारं. तोवर मी उठत नाही. आणि तू आणणार नाहीस, हे मला माहीत आहे."

पुढचे दोन आठवडे मुखड्या रोज बोळात बसला. पलंग ते गॅलरी एवढंच गाणं, सावकाश ठेका, शेवट. शाळेतल्या पोरालाही जमेल असं काम. पण नमनालाच घडाभर तेल जायचं. ढोल हा की तो? तो घेतला की हा बरा वाटायचा. तासाभरानं दोन्ही भिकार वाटायचे. मग कोटांमध्ये डोकं घालून बसायचा, गायला नव्हे, नुसताच. भिंतीपलीकडून काकांचा खोकला यायचा आणि काकूंनी भांडं सरकवल्याचा आवाज.

आणि मग दुकानात ते जोडपं आलं. त्यांना पांढरा रंग हवा होता. पांढऱ्याच्या शेड दुकानात खंडीभर. नवरा-बायको शेडकार्ड घेऊन दारातल्या उजेडात गेले, आत आले, पुन्हा दारात. शेवटी एक ठरली. मुखड्यानं डबा उघडला, यंत्राखाली धरला, थेंब पडले, तेवढ्यात नवरा म्हणाला, "थांबा, आधीचीच बरी होती का हो?"

मुखड्या जे दिवसातून दहादा म्हणायचा तेच म्हणाला. "साहेब, शेड पडली की डबा परत घेत नाही."

"पण चुकलं तर?"

"चुकत नाही. चार दिवसांत तोच तुमच्या घरचा रंग होतो. भिंत कोरी ठेवलेली मात्र रोज डोळ्यात खुपते."

नवऱ्यानं शेडकार्ड मिटलं. मुखड्या डब्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं झाकण ठोकून बसवलं, आणि त्या दिवशी जरा जास्तच जोरात ठोकलं.

संध्याकाळी तो दुकानातली कागदी चिकटपट्टी घेऊन घरी आला. केलेलं मागं घ्यायचं एक बटण कॉम्प्युटरला असतं. त्यावर त्यानं पट्टी चिकटवली.

बायको दारात. "हे काय नवीन?"

"डबा परत घ्यायचा नाही."

"कुठला डबा?"

"ढोल हाच. उरलेले सगळे पुसले."

"सगळे? पहाटे उठून रडशील."

"रडीन. पण ढोल हाच."

तिनं त्याच्याकडं निरखून बघितलं आणि पट्टीचं सुटलेलं टोक नखानं दाबून बसवलं.

आवाज एकदा घेतला की पक्का, दुसरा नाही. ढोलानंतर एक जाड सूर, त्यावर कीबोर्डची चार बोटांची चाल. मुकी पट्टी मधे आली तिथं त्यानं चालच वळवली. फार सुंदर होत नव्हतं. पण होत होतं. शेवटाशी आलं आणि घोडं पुन्हा पेंड खाऊ लागलं. चारशे मुखडेवाल्याला संपवायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. नुसतं तोडलं तर काका गळ्यात. विरघळवलं तर काका हॉलमध्ये.

तो उठून पलीकडच्या खोलीत गेला. "काका, शंभर पोरं चालत असताना तुम्ही थांबवायचा कसं?"

काका भिंतीकडंच तोंड करून होते. पण हा प्रश्न त्यांच्या खात्यातला होता. "थांब म्हणून."

"आणि सगळी थांबायची?"

"हुकमाचे दोन तुकडे असतात रे गाढवा. पहिला सावध करायचा. तो लांब ओढायचा. 'पथऽऽक.' मग दोन पावलं जाऊ द्यायची. मग, 'थांब!'" शेवटच्या शब्दाला खोलीतला पेला थरथरला. "नुसतं थांब म्हटलं तर पुढच्याच्या पाठीवर मागचा आपटतो. पोरगं असो की म्हातारा. आधी सांगावं लागतं."

मुखड्या तडक स्वयंपाकघरात गेला आणि पातेल्याचं झाकण उचललं.

"अरे, आमटी आहे त्यात!" काकू.

"झाकण हवंय फक्त."

"मग आमटीवर काय, तुझं डोकं ठेवू?"

झाकण कोटांमध्ये नेऊन त्यानं लाकडी चमच्यानं वाजवलं. लांब, गोल, ओढत जाणारा आवाज. पथऽऽक. मग ढोलाचे दोन ठोके. मग सगळे सूर एकदम, आणि गप्प. त्यानं पुन्हा ऐकलं. गाणं संपत होतं. त्याचं पहिलं गाणं, आणि खोलीत आमटीचा वास.

सकाळी काकांना उठवलं. त्यांनी काठी घेतली, पण पलंगाच्या कडेवर बसूनच राहिले. डावा गुडघा त्यांनी तळहातानं दाबून धरला. मग ते उठले.

हॉलमध्ये टेबलापाशी ते बिचकले. पाय लहान पडू लागला. झाकण वाजलं तेव्हा खुर्ची अजून बरीच लांब होती. ठक, ठक, गप्प. काका टेबलाजवळ एकटे उभे, सगळ्यांच्या नजरा जमिनीवर.

"थांबलो," काका म्हणाले. "बरोबर थांबलो. पण खुर्ची कुठाय?"

महिन्यापूर्वीचा मुखड्या असता तर त्यानं गाणं पुसून टाकलं असतं. "टेबलापाशी किती वेळ लागतो तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"लागेल तेवढा. वळावं लागतं. घाबरतो मी तिथं."

हे वाक्य काकांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असावं. काकूंनी पदर तोंडाशी नेला. मुखड्या म्हणाला, "मग टेबलासाठी वेगळं करतो," आणि बोळात शिरला.

असा झाला त्याचा पहिला अंतरा. टेबलाला वळसा घालण्यापुरता. ढोल तसाच ठेवला, सूर थोडे खाली आणले, कुणी कोपराला हात लावून चालावं तसे. दुकानाला उशीर झाला, मालकानं चार शब्द ऐकवले, त्यानं ऐकून घेतले. संध्याकाळी परत आल्यावर तुकडा मधे जोडला आणि फोन घेऊन पलंगाशी उभा राहिला.

काका उठले. डावा पाय आला, उजवा आला. टेबलापाशी चाल बदलली तसे काका किंचित हसले, म्हणजे तोंडाची एक बाजू हसली. मुखड्या शेजारून चालत होता, हात पुढं, पण धरलेला नाही. गॅलरीच्या उंबऱ्याशी झाकण वाजलं. काकांनी मान ताठ केली. ठक. ठक. दोन्ही पाय जुळले आणि काठी फरशीवर आपटली. गाणं गप्प, काका गप्प, खुर्ची गुडघ्यामागं. काका बसले.

खालच्या रस्त्यावरून सायकली जात होत्या. काका बराच वेळ त्याच बघत राहिले.

"झाकण जरा मोठं घे," शेवटी म्हणाले. "मागच्या रांगेला ऐकू जात नाही."

"मोठं झाकण माझं आहे," काकू आतून म्हणाल्या, "आणि आमटीवरचं कुठाय ते सांगा."

"उद्या पुन्हा," काका मुखड्याला म्हणाले. मुखड्यानं मान हलवली.

तेवढ्यात बाहेरच्या दाराशी धाडकन आवाज झाला. बायको वाण्याकडून आली होती. तिनं चपला रॅकवर ठेवल्या आणि विटेवर टेकवलेली मधली फळी चपलांसकट खाली आली.

"रविवारी," मुखड्या जागेवरूनच ओरडला.

"कुठल्या?" तिघांनी एकदम विचारलं.