परेडच्या कडेला बसलेली आई

परवा ऑफिसात कुणीतरी हॉट चॉकलेट केलं आणि त्या वासासरशी मला इथल्या, अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावची एक जुनी परेड आठवली. बाबा गेल्यावर आईला मी नागपूरहून इकडे आणलं होतं. ती घरात हसायची, बोलायची, पण बाबांचा विषय कधी काढत नव्हती.

नाताळच्या परेडला आम्ही रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो. माझ्या मांडीवर माझी छोटी लेक मीरा हॉट चॉकलेट पीत होती. दिव्यांनी सजवलेले आगीचे बंब गेले, मागून शाळेचा बँड आला. आई कुडकुडत होती. शेजारच्या गोऱ्या आजींनी आपलं अर्धं ब्लँकेट तिच्या गुडघ्यांवर पसरलं.

आई त्यांना मराठीतच म्हणाली, "आमचे हे चैत्रात गेले हो. थंडीत माझी शाल तेच शोधून द्यायचे."

मी इंग्रजीत सांगायला वळले.

"राहू दे गं," आई म्हणाली. आजींनी तिचा हात हातात घेतला होता.

मला तेव्हा फार लागलं. माझ्याशी न बोललेलं तिनं एका अनोळखी बाईला सांगितलं होतं, तेही तिला न कळणाऱ्या भाषेत.

आता मीरा मोठी झालीय, आणि तिच्यासमोर मीही बरंच गिळते. आईला बोलायचं होतंच. फक्त ते ऐकून माझे डोळे भरलेले तिला बघवले नसते.