चार सेकंदांची नाडी

आमच्या नर्सिंग कॉलेजातल्या बाईंचा नवरा तब्येतीने अगदी ठणठणीत, पण दर आठवड्याला त्याच्या छातीत दुखायचं. छातीत दुखणारा पेशंट आला की आधी काय तपासायचं, याचे व्हिडिओ बाई विद्यार्थिनींसाठी करायच्या. नवरा सोफ्यावर छाती धरून कण्हायचा. बाई त्याची नाडी बघून कॅमेऱ्याकडे गोड हसायच्या आणि सांगायच्या, "बहात्तर."

व्हिडिओची काटछाट नणंदेकडे. ती एरवी लग्नांचे व्हिडिओ करून द्यायची. "वहिनी, मिनिटभर नुसतं मनगट धरून बसलात तर बघणारे पळतील," म्हणत तिने ते मिनिट चार सेकंदांवर आणलं आणि मागे बासरी टाकली. बघणारे वाढले. प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी प्रात्यक्षिकाचा तासच बंद केला. बाईही हुरळल्या. परीक्षेतसुद्धा त्या घड्याळाकडे बघेनाशा झाल्या. मी कॉलेजच्याच रुग्णालयात अपघात विभागात नर्स, त्यामुळे शिकून बाहेर पडणारा हा सगळा तयार माल माझ्याच पदरात.

एका दुपारी बाई नवऱ्याला धरून आमच्या दारात आल्या. तो घामाने निथळत होता आणि कण्हत नव्हता, तेच मला खटकलं. मी ईसीजीचं मशीन ओढलं आणि नव्या पोरीला नाडी बघायला सांगितली. तिने मनगट धरलं, समोर कॅमेरा असल्यासारखी भिंतीकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "बहात्तर."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तिला बाजूला सारून त्यांनी स्वतः बोटं टेकवली. "अगं, चाळीससुद्धा नाहीत." ईसीजीतही हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसला. डॉक्टरांनी त्याला धावत आत नेलं.

आम्ही तासभर दाराबाहेर बसून होतो. मला बाईंचा भयंकर राग आला होता आणि कीवही येत होती. पोरगी हुंदके देत म्हणाली, "बाई, परीक्षेत मी असंच केलं होतं. तुम्ही पैकीच्या पैकी दिलेत."

"दिले," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली आणि घड्याळ तिच्यापुढे धरलं. "मोज. पूर्ण मिनिट."

पोरगी ओठ हलवत मोजू लागली. तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिनी उघडली. धोका टळला."

बाई धडपडत उठायला गेल्या. पोरीने मनगट सोडलं नाही, मानही वर केली नाही.

"हलू नका बाई. मिनिट व्हायचंय अजून."